मोहाखालचे दहा फूट

दौलतभाऊ,

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी कोणाशीच भांडले नाही आणि त्यामुळे मला अजिबात बरं वाटत नाहीये. परवा दूधवाल्याशी प्रयत्न करून पाहिला, पण तो लगेच "चुकलं, बाई" म्हणाला आणि सगळी मजाच गेली. तुम्ही असं कधीच म्हणाला नाहीत. दोन तास वाद घालून, मध्ये दोनदा चहा पिऊन, टेस्टर कानामागे खोचून तुम्ही नुसतं "पाहू मंग" म्हणायचात. "पाहू मंग" याचा अर्थ दौलतभाऊ हरलेले नाहीत, हे कळायला मला एक उन्हाळा लागला.

तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानावर मोठा फ्लेक्स लागला आहे. त्यात तुम्हाला निळा कोट आणि टाय घातला आहे, अर्थात संगणकावर. ग्रीस लागलेल्या खाकी शर्टाशिवाय मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. फ्लेक्सवर तुम्ही एखाद्या बँकेचे मॅनेजर दिसता, चेहऱ्यावर मात्र तुटलेली वायर शोधतानाचाच भाव आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. सुमित्रावहिनी दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मलेही तसंच होते, बाई."

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, ते सगळं फ्लेक्सवाल्यानं लिहिलंय. मी ते लिहिणार नाही. मला तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. ती आज देते, उद्या देते, असं मी दोन वर्षं करत राहिले, आणि तुम्ही मला न विचारता निघून गेलात. तेव्हा आता कागदावर ऐका.

गाडीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण मला ती सांगायला आवडते. माझा धाकटा भाऊ प्रफुल्ल परदेशी नोकरीला निघाला तेव्हा त्याची ती लाल, बसकी, जपानी गाडी माझ्या अंगणात ठेवून गेला. सहा महिने सांभाळ म्हणाला होता. त्याचे सहा महिने अजून संपलेले नाहीत. चिमूरसारख्या गावात, जिथे रस्त्यात बैल, बकऱ्या आणि गतिरोधक यांचंच राज्य आहे, तिथे एक रिटायर्ड विज्ञानशिक्षिका, केस पांढरे, पायात स्लिपर, आणि दारात शर्यतीची गाडी. मागची दारं कपाटासारखी उलटी उघडायची. लग्नाच्या वराती माझ्या फाटकापाशी थांबून फोटो काढायच्या.

तुम्ही पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलंत तेव्हा बराच वेळ नुसते पाहत राहिलात. मग गाडीला एक फेरी मारलीत, वाकून खाली पाहिलंत आणि मला विचारलंत, "बाई, इंजिन कुठी हाय?" इंजिन तुमच्या समोरच होतं, पण एवढंसं, की त्यानं एवढी गाडी ओढावी हे तुम्हाला पटेना. घुग्घुसला वीस वर्षं कोळशाच्या ट्रकांचे सेल्फ आणि डायनामो बांधलेला माणूस तुम्ही. हे पटवायला माझ्या पर्समधला खडूच लागला. हो, रिटायर झाल्यावरही माझ्या पर्समध्ये खडू असतो. पुढे तुमच्या दुकानात आले तेव्हा टिनाच्या भिंतीवर मी तुम्हाला ते रोटरी इंजिन काढून दाखवलं. यात वर-खाली होणारा पिस्टन नसतो. एक तिकोनी तुकडा एका लांबट खोलीत गरगर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना आळीपाळीनं पेट्रोल पेटतं. तुम्ही म्हणालात, "समोसा फिरते म्हणा की." मी तीस वर्षांत इतकं चांगलं वर्णन केलं नव्हतं.

खोली लांबट असल्यामुळे एका ठिणगीनं ती पुरती पेटत नाही. म्हणून एका खोलीला दोन प्लग, एक आधी पेटणारा, एक मागून. खोल्या दोन, प्लग चार, आणि त्या चौघांना ठिणगी देणारे चार इग्निशन कॉइल. इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढे कधी झालं नाही.

आता त्या सकाळचं सांगते.

प्रफुल्लनं जाताना मला एकच नियम घालून दिला होता. हे इंजिन एकदा सुरू केलं की गरम झाल्याशिवाय बंद करायचं नाही. थंड असताना ते अधाशासारखं पेट्रोल पितं, आणि तेवढ्यात बंद केलं तर प्लग पेट्रोलात भिजून बसतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. "ताई, दहा फूट सरकवायची असेल तरी गावाला एक चक्कर मारून ये," असं त्यानं मला बजावलं होतं. मी मान हलवली होती. शिक्षकांना दुसऱ्यांचे नियम ऐकायची सवय नसते.

गाडी मोहाच्या झाडाखाली उभी असायची. त्या वर्षी मोह भरपूर गळला. पहाटे शेजारच्या बायका टोपल्या घेऊन वेचायला आल्या आणि म्हणाल्या, बाई, गाडीखाली किती फुलं पडून आहेत, जराशी सरकवा ना. माझा चहा गॅसवर होता. मी किल्ली फिरवली, गाडी दहा फूट पुढे घेतली, बंद केली आणि उतू जाणारा चहा उतरवायला धावले. दहा वाजता पुन्हा किल्ली फिरवली तर गाडी नुसती खोकत राहिली.

मग मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही लुनावर आलात, शर्टाच्या बाह्या सारल्यात आणि आधी पाण्याचा पाइप मागितलात. घुग्घुसला तशीच पद्धत होती. तिथे प्रत्येक वाहनावर कोळशाचा इतका थर असतो की धुतल्याशिवाय कोणता नट कुठे आहे तेच दिसत नाही. तिथून चिमूरला येऊनही तुमचा नियम सुटला नव्हता, पह्यले आंघोळ, मंग इलाज. मी म्हटलं, भाऊ, हिच्यावर कोळसा नाही. तुम्ही म्हणालात, धूळ तर हाय. आणि इंजिनावर पाण्याची धार सोडलीत.

त्यानंतरही गाडी सुरू झाली नाही. होणारच नव्हती. पण माझ्या डोळ्यांसमोर इंजिनातून पाणी ठिबकत होतं, तुमच्या हातात पाइप होता, आणि फोनवर प्रफुल्ल विचारत होता, ताई, तू थोडा वेळ चालू करून बंद केली होतीस का? पोरांना आयुष्यभर "जे दिसलं तेच निरीक्षणात लिहा" म्हणून झोडपणारी मी, मी "नाही" म्हणाले. मी पाइपचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, तर पाणी कॉइलमध्ये गेलं असेल. मी म्हटलं, "हो, पाण्यानंच," आणि ते वर्गात बोलते त्याच आवाजात म्हटलं. तुम्ही शेजारी होतात. मोहाच्या टोपल्या घेतलेल्या तीन बायकाही होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं की दौलतभाऊनं बाईची गाडी बुडवली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही प्लग काढून, पुसून, वाळवून गाडी सुरू करून दिलीत. पण ती धक्के देत चालायची, चढावर दम टाकायची. प्रफुल्लनं फोनवर आवाज ऐकला आणि सांगितलं की कॉइल म्हातारे झालेत, इतक्या वर्षांत या गाडीचे होतातच, नवीन लागतील. मी त्यातलं "कॉइल गेले" एवढंच गावाला सांगितलं. म्हातारपणाचं सोयीस्करपणे गाळलं.

लोक थट्टा करायचे. भाऊ, आमची मोटरसायकल तेवढी कोरडी ठेवा. भाऊ, आज तलावावर धुणं की गाडी? तुम्ही हसायचात. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचा सेल्फ तुमच्याकडून उचलून दुसरीकडे नेला, ते मात्र तुम्हाला लागलं. तुम्ही त्या दिवशी चहा घेतला नाहीत. मला एवढंच म्हणालात, "आमचे लोक तलावावरच जगले, बाई. पाण्यानं काही मरत नाई." मला तेव्हा तो तुमचा हेकेखोरपणा वाटला, किंवा तसं वाटून घेणं मला बरं पडलं.

भाऊ, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं. मग मी दर गुरुवारी तुमच्या दुकानात यायला लागले. निमित्त कॉइल निवडण्याचं. खरं कारण हे की तुम्हाला एकट्याला त्या थट्टेत बसलेलं पाहवत नव्हतं, आणि तोंड उघडून खरं बोलायचीही हिंमत नव्हती. म्हणून येऊन भांडायचे.

आणि काय सुंदर भांडलो आपण.

पहिले कॉइल आले ते नक्कल केलेले. नागपूरच्या एका दुकानातून मागवले होते, दिसायला हुबेहूब अस्सल. मी शाळेतून मागून आणलेला मीटर लावला, आतल्या वेटोळ्यांचा रोध मोजला आणि सांगितलं की उत्तम आहेत. तुम्ही मीटरकडे पाहिलंही नाहीत. तुम्ही शिडी लावलीत आणि ऐन दुपारी ते चारही कॉइल दुकानाच्या टिनाच्या छपरावर मांडून ठेवलेत, पापड वाळत घालावेत तसे. मी विचारलं, हा काय प्रकार? तुम्ही म्हणालात, "थंड्यात सगळेच शाने असतात. तापल्यावर पाहू."

भाऊ, मी तीस वर्षं शिकवलं की तापमान वाढलं की तारेचा रोध वाढतो. सूत्र फळ्यावर लिहिलं, पोरांनी पाठ केलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात टिनाचं छप्पर हीच माझी प्रयोगशाळा आहे, हे मला कधी सुचलं नाही. तुम्ही फडक्यात धरून एकेक कॉइल खाली आणलात, प्लग जोडून ठिणगी पाडलीत. सकाळी जी ठिणगी जाड आणि निळी होती ती दुपारी पिवळी, केसासारखी बारीक झाली होती. तिसऱ्या कॉइलनं तर ठिणगी दिलीच नाही. मी टाळ्या वाजवल्या. माझं म्हणणं खोटं पडलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या असतील.

चौथा कॉइल तपासायचा राहूनच गेला. तो एका वानरानं छपरावरून उचलला. त्यानं तो हुंगला, चावून पाहिला आणि नालीत टाकून दिला. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं मला म्हणालात, यानंही नापास केला. त्यानंतर महिनाभर आपण कोणत्याही वाईट वस्तूला "वानरानं टाकलेली" म्हणत होतो. सुमित्रावहिनींच्या करपलेल्या भाकरीलाही तुम्ही तसं म्हणालात आणि त्या दिवशी उपाशी राहिलात.

मग दोन उमेदवार उरले. एक म्हणजे मुळात या गाडीला असतात तेच अस्सल जपानी. दुसरे अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांचे, दुप्पट आकाराचे. रोटरीवाले हौशी लोक ते बसवतात, असं प्रफुल्लनंच सांगितलं होतं. दोन्हींचा एकेक नमुना त्यानं नागपूरला येणाऱ्या मित्राबरोबर पाठवला. दोघेही तुमच्या छपरावर पास झाले. मोठ्याची ठिणगी पाहून तर तुमचे डोळेच विस्फारले. "पाहा, बाई, याले म्हणतात ठिणगी." तुम्ही त्या कॉइलच्या प्रेमात पडलात. तो तुमच्या टेबलावर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला असायचा.

माझं म्हणणं अस्सलचं होतं. कॉइलला ठिणगी द्यायच्या आधी थोडा वेळ वीज पाजावी लागते. मोठ्या कॉइलला जास्त वेळ लागतो, आणि गाडीतला संगणक जुन्या मापानंच पाजणार. ते माप बदलायला लॅपटॉप घेऊन कोणीतरी जाणकार लागेल आणि तो चिमूरला कुठून आणायचा? मी तुम्हाला म्हटलं, धिप्पाड माणसाला जेवायला बसवलं आणि दोन घासांत ताट उचललं तर तो नांगर हाकेल का? तुम्ही म्हणालात, "पण बाई, त्याचे दोन घासही मोठे असतीन." यावर आपण पावसाळाभर भांडलो. मी आकृत्या काढल्या, आलेख काढले. तुम्ही प्रत्येक आकृतीवर बोट ठेवून विचारायचात, हे काऊन? ते काऊन? कधीकधी मला उत्तर यायचं नाही आणि मी घरी जाऊन जुनी पुस्तकं काढायचे. नोकरीत असताना असा एक विद्यार्थी मिळाला असता तर मी वेळेच्या आधीच शहाणी झाले असते.

तुमच्या गाठींचंही लिहिलंच पाहिजे. चार कॉइलच्या चार वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन नीट चालत नाही, आणि त्यांच्यावरचे इंग्रजी शिक्के तुम्हाला नको होते. लहानपणी वडिलांबरोबर तलावावर जाळी विणलेली तुम्ही. तुम्ही जाळ्याचा नायलॉन दोरा घेतलात आणि पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार, अशा बांधून टाकल्यात. मी म्हटलं, रंगीत टेप लावा ना. तुम्ही म्हणालात, टेप तेलानं सुटते, जिच्यातून मासा सुटत नाई ते गाठ कशी सुटंन? बोटांनी नुसतं चाचपून, न पाहता, वायर ओळखता यायची. मलाही यायला लागली.

अखेर माघात प्रफुल्लनं चार अस्सल कॉइल पाठवले. तुम्ही खोका उघडलात, एकेक हातात तोलून पाहिलात आणि म्हणालात, "तुमचेच लावू, बाई. पण आंघोळ घालूनच लावीन." मी भडकले. दोन वर्षांपूर्वी जे झालं त्यानंतर पुन्हा पाणी? मी तुम्हाला म्हटलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? भाऊ, हे वाक्य मी तुम्हाला बोलले. लाज मला वाटायला हवी होती. तुम्ही फक्त टेस्टर कानामागे खोचलात आणि म्हणालात, "पाहू मंग." मी खोका उचलून घरी आणला. तुम्ही त्याच आठवड्यात झोपेत गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते.

तेरवीनंतर मी वहिनींकडे गेले. फ्लेक्ससमोर हसले, रडले, ते तेव्हाच. आत बसल्यावर मला राहवलं नाही आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं, मोह, चहा, दहा फूट, खोटं. मला वाटलं होतं त्या मला घालवून देतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्यायले तर पह्यल्याच दिवशी माहीत होतं."

मी विचारलं, कसं?

वहिनी म्हणाल्या, "मोहाचे फुलं चाकाखाली चेंदले होते म्हणे. दोन रेघा, दहा फूट. आन् प्लगाले पेट्रोलचा वास. घरी येऊन हसून राह्यले होते."

मी विचारलं, मग ते बोलले का नाहीत? गावानं इतकी थट्टा केली, गिऱ्हाईक गेलं.

"मीबी तेच इचारलं. म्हणे, चूक निघाली तर बाई लाजंन, मंग दुकानात येणार नाई. रागात हाय तवर येते. येऊ दे. मले शाळा शिकाले भेटून राह्यली."

दौलतभाऊ, मी तिथे बसून किती रडले ते वहिनींना विचारा. सातवीत शाळा सुटलेला माणूस दोन वर्षं गावाचं हसं सहन करतो, कशासाठी, तर दर गुरुवारी एक म्हातारी मास्तरीण येऊन त्याच्या टिनावर खडूनं आकृत्या काढेल म्हणून. मी तुम्हाला सोबत करायला येते असं समजत होते, आणि तुम्ही मला यायचं कारण जपून ठेवलं होतंत. मी उठून ती भिंत पाहिली. समोसा अजून तिथेच आहे. आजूबाजूचं टिन तुम्ही पुसलेलं, पण आकृतीला फडकं लावलेलं नाही.

मग मी काय केलं ते ऐका. बाजाराचा दिवस निवडला. गाडी धक्के खात खात तुमच्या दुकानासमोर आणली आणि तासभर थंड होऊ दिली. बॉनेट उघडलं, वहिनींकडून पाइप मागितला आणि भर बाजारात इंजिनावर पाण्याची धार सोडली. जुने कॉइल जागेवरच होते, त्यांच्यावरही सोडली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी ओरडलं, बाई, बुडंन ना. मी पाइप बंद केला आणि वर्गातला आवाज काढला. तोच आवाज, ज्यानं खोटं पसरवलं होतं.

"ऐका सगळे. गाडी भाऊंनी बुडवली नव्हती. त्या दिवशी मी ती सरकवली आणि लगेच बंद केली. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोलले."

गाडी उन्हात वाळत होती आणि माणसं न जाता उभी होती. दोन तासांनी मी किल्ली फिरवली. भाऊ, ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. धक्के देत होती, पण ते तिचे नेहमीचे म्हातारपणाचे धक्के. पाण्यानं काहीही झालं नव्हतं. सेल्फ दुसरीकडे नेणारा तो शेतकरी गर्दीत होता. तो टोपी काढून तुमच्या फ्लेक्ससमोर जाऊन उभा राहिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही.

गाडी चांगली गरम होऊ दिली, मगच बंद केली. नंतर दहाचा पाना घेतला. तो ओळखायला तुम्हीच शिकवलंत, आधी मी सगळ्यांनाच "तो चमचा" म्हणायचे. जुने कॉइल काढले, नवे बसवले आणि डोळे मिटून गाठी चाचपल्या. एक, दोन, तीन, चार. एकही सैल झालेली नव्हती. तुमचा तो मोठा अमेरिकन कॉइल मी तसबिरीशेजारीच राहू दिलाय. वाद अजून संपलेला नाही, असं समजा.

या वेळी किल्ली फिरवली आणि जो आवाज निघाला तो तुम्ही ऐकायला हवा होता. धक्का नाही, खोकला नाही. नुसती एकसारखी गुणगुण, आणि पाय दाबला की ती वर वर चढत जाणारी. मला तुमची फार आठवण आली आणि फार आनंदही झाला, दोन्ही एकदम.

वहिनी कधीच त्या गाडीत बसल्या नव्हत्या. मी दार उघडलं. त्या संकोचून बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "घरापाशीच सोडा, बाई." घर तर दुकानाच्या मागेच, दहा फुटांवर. मी म्हटलं, वहिनी, तसं नाही जमत. हिला गरम झाल्याशिवाय बंद करता येत नाही. आणि गाडी तलावाकडे वळवली.

पाळीवरून, तलावाच्या त्या बांधावरून, आम्ही सावकाश चाललो. खाली पाण्यात कोणीतरी जाळं टाकत होतं. वहिनींनी काच खाली केली आणि ज्या काठावर तुम्ही लहानपणी बसायचात तो मला दाखवला. तलावाला एक फेरी झाली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्यांनी विचारलं, "झाली का गरम?"

काटा केव्हाच वर आला होता. मी म्हटलं, "अजून नाही, वहिनी."